बुडालेल्या नौकेची हजेरी

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यास १५४६ साली अँथनी अँथनी नामक तोफखात्यातील एका कारकुनाने राजाच्या आरमाराची सचित्र यादी सादर केली. तीत ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर २०० खलाशी, १८५ सैनिक व ३० गोलंदाज, अशी एकूण ४१५ माणसे दाखविली आहेत. नोंद चोख आहे; अडचण इतकीच की, ही नौका आदल्या वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंच आरमाराशी सामना चालू असता पोर्टस्मथसमोरील सोलेंट सामुद्रधुनीत खुद्द राजाच्या डोळ्यांदेखत बुडाली होती! दफ्तरात हयात घालविणाऱ्या आपणां मंडळींस याचे फारसे नवल वाटू नये.

शत्रूने वर चढू नये म्हणून डेकवर जाळे ताणले होते; त्यात आपलीच माणसे कोंडली गेली. चाळीसही वाचली नसावीत.

१९६५ साली अलेक्झांडर मॅकी या लेखकाने पाठीवर हवेची नळकांडी बांधून बुड्या मारणाऱ्या हौशी पाणबुड्यांना हाताशी धरून शोध आरंभिला. नौकेची लाकडे नजरेस पडली ती १९७१ मध्ये. खोली फार नव्हती. परंतु पाणी थंडगार आणि इतके गढूळ की, पुष्कळदा डोळ्यांपेक्षा हातांवरच भिस्त ठेवावी लागे. मात्र ज्या गाळाने पाणबुड्यांना आंधळे केले, त्यानेच नौका राखली होती. ती उजव्या कुशीवर कलंडली होती. उघडी पडलेली बाजू प्रवाहाने व किड्यांनी खाल्ली. गाळात रुतलेली बाजू प्राणवायूअभावी टिकली.

उत्खननाच्या प्रमुख मार्गारेट रूल प्रारंभी होडीतूनच काम पाहत. खालचा वृत्तांत पाणबुडे सांगतील तेवढाच. चाळिशी उलटल्यावर त्या स्वतः बुडी मारण्यास शिकल्या. दुसऱ्याच्या अहवालावर शेरा मारून मोकळे होण्याची सोय त्यांनी आपण होऊन सोडली, हे मला या साऱ्या प्रकरणात थोर वाटते.

तळाशी जे सापडले ते कोणत्याही सरकारी यादीत नव्हते: उवा काढण्याच्या फण्या, जोडे, फासे, वैद्याची मलमांच्या डब्यांनी भरलेली पेटी, सुतारांच्या खोलीपाशी एक लहानसा कुत्रा. शंभराहून अधिक धनुष्ये अखंड निघाली. निदान १७९ माणसांच्या अस्थी मिळाल्या. त्यांपैकी काहींच्या खांद्याचे हाड पुरते सांधलेले नव्हते. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी अर्धी नौका पाण्याबाहेर आली. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, तिच्यावरील एका निनावी माणसाच्या अस्थींचे पोर्टस्मथच्या कॅथेड्रलमध्ये विधिपूर्वक दफन करण्यात आले.