एका दिवसाची एक ओळ

थळच्या शाळेत विद्यार्थ्याच्या हातातील होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रामुळे वळते, त्याच क्षेत्राची नोंद दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून होत आली आहे. त्याआधी हे काम मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चाले. काही काळ तेथील कारभार बाळशास्त्री जांभेकरांकडे होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसू लागताच नानाभाई मूस यांनी उपकरणे अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, त्यामुळे मालिका तुटली नाही.

ही मालिका संगणकात कशी गेली, हे पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७-५८) जागतिक विदा केंद्रे निघाली आणि देशोदेशीच्या तासातासाच्या नोंदींसाठी पुढे एक ठरावीक साचा रूढ झाला: एका घटकाच्या एका दिवसाला १२० अक्षरांची एक ओळ. पहिल्या तीन जागा वेधशाळेच्या खुणेच्या (अलिबागची ‘एबीजी’), मग दोन वर्षाच्या, दोन महिन्याच्या, एक घटकाची, दोन तारखेच्या. १७ ते २० या जागांवर आधारांक, २१ ते ११६ वर चोवीस तासांचे प्रत्येकी चार जागांचे आकडे आणि शेवटी चार जागांत दिवसाची सरासरी.

अलिबागचे आडवे क्षेत्र सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला, म्हणजे पाच अंकी. ते चार जागांत कसे बसवायचे? समजा आधारांक ३८० आहे. तो शेकड्यांत असतो, म्हणजे ३८,०००. तासाच्या रकान्यात २४५ असेल तर खरे मूल्य ३८,२४५. जागा वाचवण्याची ही युक्ती आम्हांला आजही आवडते.

वर्षाच्या बाबतीत मात्र काटकसर अंगाशी येऊ शकते. १९०४ आणि २००४ ही दोन्ही वर्षे ‘०४’च. शतक सांगणारे दोन अंक १५ व १६ या जागांवर असतात, आणि विसाव्या शतकासाठी त्या जागा कोऱ्या ठेवण्याची पद्धत होती. थोडक्यात, येथे कोरी जागाही काही सांगत असते.

म्हणूनच अशी ओळ मोकळ्या जागांवरून तोडू नये. आजच्या संगणक भाषांत ती सोय हाताशी असल्याने मोह होतो. पण लागोपाठचे दोन आकडे चार अंकी असले तर त्यांच्यामध्ये जागाच उरत नाही आणि आठ अंकी संख्या तयार होते. फोरट्रानमध्ये ‘चार जागांचा पूर्णांक, चोवीस वेळा’ असे आधीच सांगावे लागे, ते येथे चपखल बसे. पायथॉनमध्ये जागा मोजून तुकडे करावेत. तेथे मोजणी शून्यापासून असल्याने २१ ते २४ या जागा ‘२०:२४’ अशा लिहायच्या.

वीज गेली, उपकरण बंद पडले, तर त्या तासाचे काय? साच्यात तेथे ९९९९ लिहितात. ते खरे मूल्य समजून सरासरी काढली तर, इतर तेवीस तास २४५ धरता, सरासरी सुमारे ४०६ नॅनोटेस्लांनी फुगते. बहुतेक चुंबकीय वादळांपेक्षा मोठी ही उडी लगेच डोळ्यांत भरते. ती चूक आम्ही किरकोळ मानतो. रकाना कोरा राहिला तर फोरट्रान तो शून्य वाचते आणि सरासरी जेमतेम १० नॅनोटेस्लांनी घसरते. वादळातही आडवे क्षेत्र असेच घसरते. म्हणजे न घडलेले एक लहानसे वादळ नोंदीत शिरते आणि कोणाला संशयही येत नाही. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाब्याला क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याचे संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. तेव्हाच्या वेधकांनी कागदावर हाताने लिहून ठेवलेले आकडे तेवढ्यासाठी पुन्हा वाचावे लागले होते.