सालवृक्षावरील लांब शृंगिकांचा भुंगेरा : प्रजातीच्या ओळखीचा इतिहास आणि मध्य भारतातील वने

प्रस्तावना

मध्य भारताच्या वन-इतिहासात वनकायदे, रेल्वे आणि इमारती लाकडाचा व्यापार यांचा विचार पुष्कळ झाला आहे. तथापि, ज्या एका कीटकाने सालवनांचे भवितव्य वारंवार धोक्यात आणले, त्याच्या ओळखीचा इतिहास तितकाच विचारार्ह आहे. गोंदिया तालुक्यातील मुर्री व आसपासच्या परिसराला हा विषय परका नाही. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज मार्ग सुरू केला आणि सालवनांचा प्रदेश गोंदियाशी जोडला गेला. गोंदियाच्या जंगलात साग व मिश्र वृक्षांचे प्राबल्य आहे. उत्तरेकडील बालाघाट-मंडला भागात मात्र साल, म्हणजेच सरई, हा प्रमुख वृक्ष आहे. या वृक्षाचा गाभा पोखरणाऱ्या ‘हॉप्लोसेरॅम्बिक्स’ या प्रजातीची ओळख प्रौढ कीटकाच्या शरीरलक्षणांवरून कशी निश्चित होत गेली व त्या ओळखीला वनसंरक्षणात कोणते स्थान मिळाले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वर्गीकरणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये ‘सेरॅम्बिक्स’ ही प्रजाती मांडली. तिच्यावरून फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने १८०२ मध्ये सेरॅम्बिसिडी हे कुल स्थापन केले. सालवरील भुंगेऱ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन भारतीय नमुन्यांवरून झालेले नाही, ही बाब लक्षणीय आहे. ह्यू कमिंग याने फिलिपाईन्स बेटांतून गोळा केलेल्या नमुन्यांवरून एडवर्ड न्यूमन याने १८४२ मध्ये ‘स्पिनिकॉर्निस’ ही जाती वर्णिली. पुढे १८६४ मध्ये जेम्स थॉमसन याने तिच्यासाठी हॉप्लोसेरॅम्बिक्स ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. ‘हॉप्लॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ शस्त्र, तर ‘स्पिनिकॉर्निस’चा अर्थ काटेरी शृंगिका असलेला. अर्थात, ओळखीचे मुख्य लक्षण नावातच नमूद झाले.

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने १९०६ हे वर्ष निर्णायक ठरले. ‘द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत चार्ल्स जोसेफ गाहन यांचा या कुलावरील खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाला. परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्या मांडून, टप्प्याटप्प्याने प्रजातीपर्यंत नेणाऱ्या कोष्टकांमुळे दूरच्या संग्रहालयातील ज्ञान येथील वनाधिकाऱ्याच्या हाती आले. त्याच वर्षी डेहराडून येथे वन संशोधन संस्था स्थापन झाली. ई. पी. स्टेबिंग यांचा वनदृष्ट्या महत्त्वाच्या भुंगेऱ्यांवरील ग्रंथ १९१४ मध्ये, तर सी. एफ. सी. बीसन यांचा वनकीटकांचे जीवनक्रम व नियंत्रण यांवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रकाशित झाला.

प्रौढ कीटकाची लक्षणे

या कुलातील कीटकांच्या शृंगिका लांब असतात आणि डोळे बहुधा शृंगिकेच्या मुळाशी खाचलेले असतात. त्यापुढे उपकुल ठरवावे लागते. डोक्याचा दर्शनी भाग सरळ खाली वळलेला आणि पुढच्या पायाच्या नळीवर आतून खाच असल्यास तो कीटक लॅमिनी उपकुलातील होय. आंब्याच्या खोडात शिरणारी भिरूड, म्हणजेच बॅटोसेरा प्रजातीची अळी, ज्या भुंगेऱ्याची असते तो याच उपकुलातला. त्याच्या अग्रवक्षाच्या दोन्ही बाजूंस काटा असतो. सालवरील भुंगेरा मात्र सेरॅम्बिसिनी उपकुलातील असून त्याचे डोके तिरपे पुढे झुकलेले असते व पायाच्या नळीवर ती खाच नसते.

हॉप्लोसेरॅम्बिक्सचा रंग तपकिरी ते काळपट असतो. अग्रवक्षाच्या पाठीवर आडव्या ठळक वळ्या असतात आणि शृंगिकेच्या पेरांच्या टोकांना काटे असतात. येथे नवशिक्या निरीक्षकाची दोन प्रकारे फसगत होऊ शकते. पहिली आकारामुळे, कारण एकाच जातीचे प्रौढ सुमारे २० पासून ६५ मिलिमीटरपर्यंत लांब असतात. दुसरी शृंगिकांच्या लांबीमुळे. नराच्या शृंगिका शरीरापेक्षा बऱ्याच लांब, तर मादीच्या तुलनेने आखूड असतात. म्हणून लांबीपेक्षा काटे व वळ्या यांची रचना अधिक विश्वसनीय ठरते. सालवरही आढळणाऱ्या ‘होलोसेरिसिया’ या दुसऱ्या जातीच्या कठीण पंखांवर रेशमी लव असते आणि प्रकाशाच्या दिशेनुसार तिची चमक बदलते.

उद्रेक आणि ओळखीचे महत्त्व

एरवी हा भुंगेरा पडलेल्या किंवा मरणासन्न सालवृक्षांवर उपजीविका करतो. त्याची संख्या बेसुमार वाढली की निरोगी वृक्षही बळी पडतात. मंडला भागात १९२३ ते १९२८ या काळात असा मोठा उद्रेक झाला. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन मध्य प्रदेशात लक्षावधी सालवृक्ष ग्रासले गेले आणि बाधित वृक्षांच्या तोडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

नुकसान अळी करते. परंतु ती खोडाच्या आत असल्याने हाती लागत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर प्रौढ बाहेर पडतात, तेवढाच काळ नियंत्रणास अनुकूल असतो. यावर ‘सापळा-वृक्ष’ पद्धत रूढ झाली. सालचे ओंडके ठेचून ठेवायचे, रसाच्या वासाने आलेले भुंगेरे हातांनी वेचायचे आणि संख्येनुसार मोबदला द्यायचा. या मोहिमेचा भार जंगलालगतच्या, प्रामुख्याने आदिवासी, ग्रामस्थांनी वाहिला. वेचलेल्या कीटकांच्या संख्येवरून प्रादुर्भावाचे अनुमान काढायचे असेल, तर मोजलेला प्रत्येक भुंगेरा त्याच प्रजातीचा असणे आवश्यक ठरते. अन्य भुंगेरे त्यात मिसळल्यास अनुमान चुकते, आणि चुकीच्या अनुमानावर कुऱ्हाड चालली तर निरोगी वृक्षही जातो. संग्रहालयातील कोष्टक व ग्रामस्थाची नजर या दोहोंची गाठ येथे पडते.

मर्यादा

प्रौढाच्या लक्षणांवर आधारलेली ओळख वर्षातील मोजक्याच आठवड्यांत उपयोगी पडते. शिवाय प्रजातींच्या सीमा कायमच्या ठरलेल्या नसतात. उपरोक्त ‘होलोसेरिसिया’ जाती दीर्घकाळ इओलेस्थीस प्रजातीत गणली जात होती. २०१७ मधील पुनर्विचारात ती ट्रायराकिस प्रजातीत नेण्यात आली. नाव बदलले, तरी रेशमी लव तीच राहिली. म्हणून केवळ नाव नोंदवून भागत नाही. लक्षणांचे वर्णन आणि जपून ठेवलेला नमुना यांना चिरस्थायी मोल असते.

समारोप

फिलिपाईन्समधील नमुन्यापासून मंडल्याच्या सालवनापर्यंतचा हा प्रवास पाहता, प्रजातीची ओळख ही वनव्यवस्थापनाची पहिली पायरी असल्याचे स्पष्ट होते. या ज्ञानाच्या इतिहासात न्यूमन, थॉमसन व गाहन यांची नावे नोंदली गेली. पावसात ओंडक्यांवरून भुंगेरे वेचणाऱ्या हातांची नोंद मात्र बहुतांशी संख्येपुरतीच उरली. पूर्व विदर्भातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी स्थानिक भुंगेऱ्यांचे नमुने, त्यांची बोलीभाषेतील नावे आणि वेचणाऱ्यांच्या आठवणी एकत्रितपणे जतन केल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.