निसटला तो विषाणू

पाण्यातले विषाणू अडवणाऱ्या गाळणीची कुळकथा तिच्या पराभवापासूनच सांगावी लागते. विषाणू नावाचे काही असते हे जगाला कळले तेच मुळी गाळणी हरली म्हणून.

1884 साली पॅरिसमध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलांने बिनझिलईच्या चिनी मातीची पोकळ नळी तयार केली. एक टोक बंद. दाबाखालचे पाणी भिंतीतून झिरपायचे आणि जिवाणू भिंतीपाशीच अडायचे. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधल्या कँडलची ही पणजी. नळी घासून, तापवून पुन्हा वापरता येई.

1892 मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूची पाने कुटून रस काढला, तो अशाच कँडलमधून गाळला आणि निरोगी रोपांना लावला. त्या रोपांची पानेही चट्टेरी झाली. त्याला वाटले, जिवाणूंचे विष उतरले असावे, नाहीतर कँडलच सदोष असावी. मला हा संशय फार प्रामाणिक वाटतो. आधी हत्यार तपासावे, मग निसर्ग. 1898 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने पुढची पायरी गाठली. गाळलेला रस तो एका रोपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात देत गेला. नुसते विष असते तर पातळ होत संपले असते. इथे जोर कमी होईना, म्हणजे ते रोपात वाढत होते. त्याला त्याने ‘व्हायरस’ म्हटले. मातीच्या कँडलकडून विषाणू अडवण्याची अपेक्षा म्हणजे मच्छरदाणीने धूर अडवण्यासारखेच होते.

मग बारीक छिद्रांचा शोध सुरू झाला. 1907 मध्ये जर्मनीत हाइनरिख बेखोल्डने गाळणकागद कोलोडिअनच्या द्रावणात भिजवला. द्रावण दाट तर छिद्रे बारीक, पातळ तर मोठी! या गाळण्याला त्याने अल्ट्राफिल्ट्रेशन हे नाव दिले. 1931 च्या सुमारास लंडनच्या विल्यम एल्फर्डने निरनिराळ्या मापांच्या छिद्रांचे पापुद्रे केले आणि कुठला विषाणू कुठल्या पापुद्र्याशी अडतो यावरून त्याच्या आकाराचा अंदाज बांधला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे चित्र 1930 च्या दशकाच्या अखेरीस मिळाले. त्याआधी गाळणीच मोजपट्टी होती.

पण प्रयोगशाळेतला पापुद्रा गावाला पाणी पुरवू शकत नव्हता. छिद्रे बारीक केली की पाणी थेंबथेंब येई. त्याच काळात गरज किती मोठी आहे हे दिल्लीने दाखवले. 1955 च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या वजिराबादच्या उपशाशी पोचले. क्लोरीन वाढवले, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही; पण विषाणूंमुळे होणारी कावीळ मात्र सुमारे 29,000 जणांना झाली. त्या साथीतल्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा 1980 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. ही नेहमीची अ किंवा ब कावीळ नव्हे, हे त्यातून दिसले. पुढे तिला ‘ई’ म्हणू लागले.

थेंबथेंबीची अडचण सुटली ती लॉस एंजेलिसमध्ये. सिडनी लोब आणि मूळ भारतीय श्रीनिवास सौरिराजन 1959-60 च्या सुमारास समुद्राचे पाणी गोडे करायच्या मागे होते. त्यांच्या पापुद्र्यावर अतिपातळ, घट्ट साय होती आणि खाली जाड, सच्छिद्र आधार. अडवायचे काम सायीचे, दाब सोसायचे आधाराचे. व्यवहारात वापरता येईल असा आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) यातूनच आला आणि पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पापुद्र्यांनीही हीच घडण घेतली.

आमच्या मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर मातीच्या कँडलवरच पॉलिसल्फोनचा असा थर चढवून विजेशिवाय चालणारा घरगुती फिल्टर तयार केला. पणजीला नवे लुगडे नेसवले म्हणा ना!

तरी डोळे मिटून विश्वास नको. पोलिओ किंवा ‘ई’ काविळीचा विषाणू सुमारे 30 नॅनोमीटरचा. साध्या कँडलची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी असतात. अल्ट्राफिल्ट्रेशनची (यूएफ) साधारण 10 ते 20 नॅनोमीटर. आरओची त्याहून बारीक. पण तो पाणी वाया घालवतो. पाणी खारट नसेल तर यूएफ पुरतो, असे माझे मत. मात्र पापुद्रा चिरला किंवा रबरी वायसर ढिला झाला तर पाण्याची चव बदलत नाही, रंगही नाही. म्हणून फिल्टर घेताना ‘जंतुमुक्त’ शब्दावर जाऊ नका. विषाणूंसाठी चाचणी झाली आहे का ते विचारा, आणि पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन, मुदतीत बदला.