बत्तीस आकार आणि सिरिराजचे शरीररचना संग्रहालय

श्रामणेर दीक्षेच्या वेळी मुंडन होत असताना जे पहिले कम्मट्ठान दिले जाते ते अवघ्या पाच शब्दांचे आहे : केस, लोम, नख, दंत आणि त्वचा. आपल्याकडील श्रामणेर शिबिरांतही हा विधी होतो. परंतु पुष्कळदा हे पाच शब्द एका मोठ्या यादीचा प्रारंभ आहेत याची जाणीव घेणाऱ्यास नसते. त्वचेनंतर मांस, न्हारू, अस्थी, अस्थिमिंज, वृक्क, हृदय, यकृत असे आत आत जात शेवटी ही यादी मूत्रापर्यंत पोहोचते. मज्झिमनिकायातील सतिपट्ठान व कायगतासति या दोन्ही सुत्तांत एकतीसच आकार आहेत. बत्तिसावा आकार म्हणजे मेंदू, मत्थलुंग. तो खुद्दकपाठात व पटिसम्भिदामग्गात आढळतो. एकतिसांच्या यादीत मेंदूचा समावेश अस्थिमिंजातच होतो, असा खुलासा आचार्य बुद्धघोषांनी केला आहे.

इ. स. च्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात रचल्या गेलेल्या विसुद्धिमग्गाच्या आठव्या परिच्छेदात या बत्तीस आकारांचे जे वर्णन आहे, ते पाली वाङ्मयातील शरीरविषयक माहितीचे सर्वांत विस्तृत भांडार होय. (धर्मानंद कोसंबींनी संपादिलेली त्याची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.) प्रत्येक अवयवाचा वर्ण, आकार, दिशा, स्थान आणि सीमा तेथे सांगितली आहे. हृदय हे बाहेरच्या पाकळ्या काढून उलटे धरलेल्या कमळकळीसारखे. दोन वृक्क एकाच देठाला लागलेल्या दोन आंब्यांसारखे. आतडे पुरुषाचे बत्तीस हात व स्त्रीचे अठ्ठावीस हात, एकवीस ठिकाणी वळलेले. अस्थींची संख्या दातांव्यतिरिक्त तीनशे. सुश्रुतानेही तीनशेच मानल्या आहेत, चरकाने तीनशे साठ. आधुनिक शास्त्र प्रौढ माणसाच्या २०६ मोजते. एकूण बेरीज जुळत नसली तरी बुद्धघोषांच्या २४ फासळ्या आणि मानेचे ७ मणके आजही तेवढेच भरतात. उलट हृदयाच्या पोकळीतील रक्त रागचरिताच्या माणसात तांबडे, द्वेषचरिताच्या माणसात काळे आणि प्रज्ञावंताचे स्वच्छ रत्नासारखे असते, हे विधान निरीक्षणातून आलेले नाही हे उघड आहे. परंपरेची श्रद्धा आणि डोळ्यांनी पाहिलेले या दोहोंची अशी सरमिसळ तेथे आहे. अभ्यासकाने दोन्ही वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

येथे एका शब्दाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. पाली ‘न्हारु’ म्हणजे संस्कृत ‘स्नायु’. त्याचा अर्थ हाडांना बांधून ठेवणारे तंतू, कंडरा. मराठीत ‘स्नायू’ म्हटले की आपण मांसपेशी समजतो. त्यामुळे विसुद्धिमग्गातील नऊशे न्हारूंचा ‘नऊशे स्नायू’ असा अनुवाद वाचणाऱ्याची दिशाभूल झाल्यावाचून राहत नाही.

हे ज्ञान भिक्खूंना कोठून मिळाले? सुश्रुतसंहितेतील विच्छेदनाची पद्धत सर्वश्रुत आहे : प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू द्यावयाचे व मग वाळ्याच्या अथवा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर खरवडून पाहावयाचा. भिक्खूंनी असे काही केल्याचा उल्लेख नाही. त्यांची शाळा स्मशान ही होती. दुसरी शाळा सतिपट्ठानसुत्तातील एका उपमेवरून दिसते. साधकाने शरीराचा धातुशः विचार कसा करावा हे सांगताना तेथे चव्हाट्यावर गायीचे विभाग मांडून बसलेल्या खाटकाचा दाखला दिला आहे आणि त्याला ‘दक्ष’ म्हटले आहे. ज्या समाजाने खाटकाला व स्मशानरक्षकाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजात तथागत त्याचे कौशल्य विवेकाचे उदाहरण म्हणून देतात, ही गोष्ट आमच्या मते अजून पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

या पार्श्वभूमीवर बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयातील शरीररचना संग्रहालय आम्ही पाहिले. चाओ फ्रया नदीच्या पश्चिम तीरावरील या रुग्णालयाचा जन्मच एका चितेशी निगडित आहे. राजा चुलालोंगकोर्न यांचा बालपुत्र सिरिराज १८८७ साली अतिसाराने वारला. त्याच्या दहनमंडपाचे लाकूड रुग्णालयाच्या बांधकामास दिले गेले आणि १८८८ साली रुग्णालय सुरू झाले. शरीररचना संग्रहालय काँगडन या अमेरिकन प्राध्यापकाच्या नावाने ओळखले जाते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने थायलंडचे वैद्यकीय शिक्षण सुधारण्यात आले त्या काळात ते तेथे शिकवीत होते. लाकडी कपाटांत बरण्या ओळीने मांडलेल्या आहेत. एका देहातून संपूर्ण मज्जासंस्था सोडवून पसरून ठेवलेली आहे, दुसऱ्यातून सर्व धमन्या. फुप्फुसावरील पातळ पडदा आम्ही तेथे प्रथमच नीट पाहिला. ‘किलोमक’ या शब्दापाशी अनुवादक अडखळतात, कारण वैद्यकात ‘क्लोम’ कोणता अवयव याविषयी मतभेद आहेत. बुद्धघोषांचे वर्णन मात्र निःसंदिग्ध आहे : किलोमक म्हणजे आच्छादन करणारा पडदा, एक हृदय व वृक्क झाकणारा, दुसरा त्वचेखाली मांस झाकणारा. त्या बरणीसमोर कोशातील अर्धा डझन पर्याय आपोआप गळून पडले.

परंतु या संस्थेचा खरा इतिहास आम्हांस बरण्यांपेक्षा दोन देहांत दिसतो.

पहिला देह फ्रया उपकित शिल्पसार यांचा. हे थाई व्याकरणकार; तरुणपणी त्यांनी भिक्षुसंघात राहून पालीचे अध्ययन केले होते. ‘सवत्दी’ हे आज प्रत्येक थाई माणसाच्या तोंडी असलेले अभिवादन त्यांनीच ‘स्वस्ति’ या शब्दावरून रूढ केले. १९४१ साली त्यांचे निधन झाले व त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार सिरिराजला देण्यात आला. स्वेच्छेने देह देणारे ते तेथील पहिले गृहस्थ मानले जातात. थाई वैद्यकीय विद्यार्थी विच्छेदनासाठी आलेल्या देहाला ‘आचान याइ’, म्हणजे महान आचार्य, असे संबोधतात. ही प्रथा या शिक्षकाच्या देहदानापासूनच पडली असे सांगितले जाते. वर्षारंभी विद्यार्थी या आचार्यांना वंदन करतात, अभ्यास संपल्यावर भिक्खूंच्या उपस्थितीत पुण्यानुमोदन व सन्मानपूर्वक दहन होते.

दुसरा देह सी उई या चिनी स्थलांतरित मजुराचा. १९५८ साली एका बालकाच्या खुनाबद्दल त्याला अटक झाली, १९५९ साली देहदंड झाला. त्याचे शव अभ्यासासाठी म्हणून सिरिराजकडे आले आणि पुढे सुमारे सहा दशके ‘नरभक्षक’ या पाटीसह काचेच्या पेटीत उभे राहिले. आईबाप हट्टी मुलांना त्याच्या नावाने भीती घालीत. त्याच्यावरील बहुतेक आरोप पुराव्याने सिद्ध झालेले नव्हते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो जेथे मजुरी करीत असे त्या थाप साके येथील रहिवाशांनीही देह सोडविण्याची मागणी केली. २०१९ साली तो प्रदर्शनातून काढण्यात आला आणि २३ जुलै २०२० रोजी नोंथबुरीच्या एका विहारात भिक्खूंनी त्याचा अंत्यसंस्कार केला.

एकाच बौद्ध देशात, एकाच रुग्णालयात, अठरा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन देह. एकाला आचार्य म्हटले, दुसऱ्याला बागुलबुवा केले. अस्थिमांसात दोघे सारखेच. भेद होता तो संमतीचा, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीचा.

पाली परंपरेने या दृष्टीला नियम घालून दिला आहे. स्मशानात टाकलेले प्रेत पाहताना भिक्खूने ते आपल्याच शरीराशी ताडून पाहावयाचे असते : माझेही शरीर याच स्वभावाचे, यातून सुटलेले नाही. ही तुलना गळून पडली की मागे उरते ती भीती, किळस किंवा करमणूक. किळसेचा धोकाही परंपरेने लपविलेला नाही. वैशालीत अशुभभावना करणाऱ्या कित्येक भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा आली की त्यांनी जीव दिला, काहींनी दुसऱ्याकरवी आपला वध करविला. हे वृत्त विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकेच्या निमित्ताने स्पष्टपणे नोंदले आहे. त्यानंतर भगवंतांनी संघाला आनापानसति शिकविली. सी उईच्या पेटीपुढे दोष उलटा होता. तेथे पाहणारा स्वतःला पूर्णपणे वगळून पाहत असे. ‘मी असाच आहे’ याऐवजी ‘हा माझ्यासारखा नाही’ हा धडा ती पाटी देत होती, आणि तोही ज्या देशात सतिपट्ठानाची परंपरा आहे तेथे. सूत्र पाठ असणे व सूत्राप्रमाणे पाहणे यांत असे अंतर पडू शकते.

थायलंडला नावे ठेवण्यापूर्वी आपल्याकडे पाहणे उचित होईल. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा तो एक क्रांतिकारक प्रसंग मानला गेला. सुश्रुताच्या देशात हे घडावे याचे कारण स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेत आहे. मृताला हात लावणे हे ज्यांच्यावर जातीने लादले होते त्यांना विद्या नाकारली गेली, आणि ज्यांना विद्या होती त्यांनी हात आखडून घेतला. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. पुढे १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने रुग्णालयात वा सार्वजनिक जागी मरण पावलेल्यांचे बेवारस देह वैद्यकीय संस्थांना देण्याची तरतूद केली. बेवारस म्हणून कोण मरतो? ज्याचे घर नाही, ज्याचे नातलग दूरच्या गावी आहेत, ज्याचे नाव कोणी विचारले नाही तो. आज स्वेच्छेने देहदान करणारे आहेत, आणि त्यांत बौद्ध उपासकही आहेत. परंतु ज्या टेबलांवर अनेक पिढ्यांचे डॉक्टर शिकले, तेथील पुष्कळ आचार्यांना कोणी विचारले नव्हते आणि कोणी वंदनही केले नव्हते.

वासेट्ठसुत्तात दोन ब्राह्मण तरुण जन्माने ब्राह्मण की कर्माने, हा वाद घेऊन भगवंतांकडे येतात. उत्तरादाखल भगवान तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य व पक्षी यांच्यातील जातिलक्षणे सांगतात आणि मग माणसाकडे वळून केसांपासून मांड्यांपर्यंत एकेक अवयव मोजतात : मस्तक, कान, डोळे, ओठ, मान, खांदे, पोट, पाठ, हात, पाय, नखे, आणि शेवटी वर्ण व स्वरही. यांपैकी कशातही जातीची खूण सापडत नाही. कायगतासतीची यादी वैराग्यासाठी, तर ही यादी जातिभेदाच्या खंडनासाठी. पद्धत मात्र एकच, अवयवशः पाहणे. वासेट्ठसुत्ताची यादी त्वचेपाशी थांबते, बत्तीस आकारांची तेथून आत जाते. सिरिराजच्या कपाटांत यकृत, प्लीहा, फुप्फुस आणि मेंदू ओळीने मांडलेले आहेत. त्यांतील कोणता अवयव उपकित शिल्पसारांसारख्या पंडिताचा आणि कोणता सी उईसारख्या मजुराचा, हे केवळ पाहून सांगता येत नाही.