टोचन : नगरी मुलखात कोणी कोणाला ओढलं

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती आणि १८ मे २०२३ च्या निकालानं कायमची वाट मोकळी केल्यापासून पारनेर, संगमनेर, अकोले पट्ट्यात शर्यतीचे बैल वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्याही वाढल्या. बारीत बैलांपुढं पळायला घोडी लागते. मग ती या यात्रेतून त्या यात्रेत न्यायची कशी? हल्ली बरीच तरणी पोरं विचारतात, जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेऊन मागं घोड्याचा ट्रेलर लावला तर जमेल का? परदेशातले व्हिडिओ बघून हा विचार येतो. उत्तर देतोच, पण आधी थोडं मागं जाऊ, कारण आपल्या मुलखानं ओढण्याचा हिशोब फार पूर्वीपासून केलेला आहे.

घोडा वाहून न्यायची चीज आहे हे आपल्याकडं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जुन्नरला आला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला, धर्म बदलायची अट घातली, पुढं कसाबसा परत दिला. समुद्रात घोडा जहाजावर, जमिनीवर स्वतःच्या चार पायांवर. बस, एवढीच वाहतूक. पुढं १४९० ला अहमद निजामशहानं स्वतंत्र कारभार थाटला, नगर वसलं, आणि चौल हे निजामशाहीचं घोड्यांचं दार झालं. मलिक अंबरच्या बारगिरांचं बळ हलक्या, काटक घोड्यांत होतं. भीमाखोऱ्यातलं भीमथडी तट्टू त्याच मातीतलं. आजही आपले मेंढपाळ धनगर बांधव बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं सगळं त्याच्या पाठीवर टाकून कोकणात उतरतात. सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद अगदी परवा-परवा झाली. म्हणजे आपल्याकडं घोड्यानं पाठीवर वाहिलं. टांगा आला तो बराच नंतर.

ओढायचं काम बैलाचं. ते किती मोठं होतं, हे बघायचं तर १८०३ चा ऑगस्ट बघा. जनरल वेलस्लीनं ८ तारखेला नगरची पेठ घेतली, १२ ला भुईकोट किल्ला ताब्यात आला. त्याच्या तोफा ओढल्या त्या म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांनी. टिपूचं राज्य १७९९ ला पडल्यावर ही बैलांची खिल्लारं इंग्रजांच्या हाती आली होती. घोडा जवळ असताना बैल का? घोड्याला दाणा लागतो, बैल कडब्यावर चालतो. आणि हे बैल तोफेला जुंपून चालायला शिकवलेले होते, पायदळाच्या चालीला चाल मिळवणारे. वेलस्ली त्यांच्यावर बेहद्द खूश होता.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तोफ चढावर बैल ओढायचे, उतारावर मात्र मागं दोरखंड धरून माणसं लागायची, ती मागं खेचून धरायला. आपल्या बैलगाड्यांचंही तेच. घाट उतरताना चाकाला लाकूड घासायचं, गाडीमागं ओंडका बांधून सोडायचा, आणि बैल मानेनं जू मागं रेटायचे. चांगला गाडीवान बैल घेताना विचारायचा, उताराला दम धरतो का? चढ तर कोणीही चढतो.

१८७८ ला दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि लांबची ओझी डब्यात गेली. पुढं सैन्यातला घोडाही गेला. सिंध हॉर्ससारख्या घोडदळाच्या पलटणीनं १९३८ ला घोडे सोडून यंत्रं घेतली. आज त्या सगळ्या पलटणींचं शिक्षणाचं घर म्हणजे आपलं नगरचं आर्मर्ड कोअर सेंटर. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स, नावात घोडा आणि बुडाखाली रणगाडा. लष्कराच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई संस्थाही इथंच आहे. रणगाड्यांचं संग्रहालय पोरांना एकदा दाखवाच.

शेताकडं यंत्र आलं ते आधी जीपच्या रूपात म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत १९४५ पासून विलीज कंपनीनं मुलकी जीप विकली ती शेतकऱ्याला डोळ्यासमोर ठेवून : मागं ओढायची पट्टी, हवं तर अवजार फिरवायची सोय. आपल्याकडं १९५० ला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा ऊस यायचा बैलगाडीनं. मग टायरगाडी, मग ट्रॅक्टर, मग मागं दोन-दोन ट्रॉल्या. ‘टोचन’ हा शब्द याच रस्त्यांवरचा. इंग्रजीतल्या ओढायच्या साखळीचा ड्रायव्हर लोकांनी केलेला अवतार, पण आता अस्सल मराठी.

आता पोरांच्या सवालाकडं. आधी वजन मांडा. दोन जनावरांचा ट्रेलर रिकामा ८५० किलो धरा, ३५० किलोच्या दोन घोड्या म्हणजे ७००. झाले १५५० किलो. बोलेरोसारखी गाडी स्वतः साधारण दीड-पावणेदोन टनांची. म्हणजे मागचं ओझं जवळपास ओढणाऱ्याइतकंच. सपाटीला ओढेल, प्रश्नच नाही. पण करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट उतरताना मागचा ट्रेलर गाडीला ढकलायला लागतो. त्यात ओझं जिवंत. घोडी एका अंगाला झुकली की ट्रेलर झुलतो, आणि एकदा झुलायला लागला की नवख्याच्या हातून गाडी सावरत नाही.

म्हणून माझं मत असं. ओढणारी गाडी भरलेल्या ट्रेलरपेक्षा ठळक जड पाहिजे. खाली चेसीस असलेली पाहिजे, कारसारख्या पत्र्याच्या सांगाड्याला हूक मारून भागत नाही. डिझेल इंजिन, कमी आरपीएमला जोर देणारं, आणि मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना ओढ असणारी. गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाची मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची, आणि दिलीच नसेल तर हूक लावू नका. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार यावा, नाहीतर तो झुलतो. आणि ट्रेलर म्हणजे कायद्यानं स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला डबा रस्त्यावर आणाल तर अपघातानंतर विमा विसरा.

एकच घोडी असेल तर हिशोब सोपा होतो : ६०० चा ट्रेलर, ३५० ची घोडी, साडेनऊशे किलो. ब्रेकवाला ट्रेलर असेल तर चेसीसवाली गाडी हे निभावते. ट्रेलरचा एक खरा फायदा मी नाकारत नाही. त्याचं बूड खाली असतं, घोडी उतरंडीवरून आपसूक चढते. पिकअपचा हौदा उंच, म्हणून आपण गाडी खड्ड्यात घालतो किंवा बांधाला लावतो, आणि तिथंच पाय घसरून घोड्या जायबंदी होतात. शेताच्या तोंडाशी मातीचा एक पक्का ओटा केला तर तो त्रास निम्मा होतो, खर्च जवळपास शून्य.

बैल आणि घोडी एकाच गाडीत न्यायची असतील तर मात्र ट्रेलरचा नाद सोडा, दीड टन ओझ्याचा पिकअपच बरा. दोन खिल्लार ९०० किलो, घोडी ३५०, वर तीन माणसं आणि चारा, तिथंच आकडा भरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तर जनावर घालूच नका. कित्येकींना स्प्रिंग नसते, पिनेत ढिलाई असते, प्रत्येक खड्ड्याचा दणका खुरात जातो.

१९७८ चे जनावर वाहतुकीचे नियम घोड्यासाठी काय म्हणतात तेही बघून ठेवा. खाली न घसरणारं काहीतरी अंथरायचं (उसाचं पाचट चालतं, वर पोती टाका), दोन जनावरांत किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागं दोन भक्कम आडव्या फळ्या, साध्या मालगाडीत तोंड डावीकडं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ती बुजत नाही, बरोबर एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. नगर-कल्याण रस्त्यावर ३५ नं चाललात तर मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरला थांबून हूक, साखळी आणि चाकांचे ड्रम हातानं तपासा. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय, घाटात शिरण्याआधी सोडवून घ्या.