छावणी ते विमान : एका गाळलेल्या मजलेचा इतिहास

मराठी बखरीत सैन्य एकदम रणभूमीवर अवतरत नाही. ते कूच करते, मजल दरमजल पुढे सरकते, मुक्काम करते, नदीला उतार आहे की नाही याचा तपास घेते. १७६० च्या मोहिमेत यमुनेचा पूर आणि ऑक्टोबरात बागपतजवळ अब्दालीला सापडलेला उतार या दोन गोष्टींनी पानिपतापूर्वीच युद्धाचा नकाशा बदलला होता. वाट हा तेव्हाच्या युद्धकथनाचा अविभाज्य भाग होता.

विमानयुगातील लष्करी आत्मकथनांत ही वाट बहुधा गाळली जाते. अधिकारी एका परिच्छेदात परदेशातील छावणीत असतो आणि पुढच्या परिच्छेदात मायदेशी उतरलेला असतो. मधली मजल किरकोळ समजली जाते. परंतु सार्वभौमत्वाचा प्रश्न बहुतेक वेळा याच मजलेवर उभा राहतो. छावणीपासून विमानापर्यंतचे अंतर मैलांत थोडे असते. ते कोणाच्या भूमीवरून आणि कोणाच्या संमतीने ओलांडायचे, यावर त्याची खरी लांबी ठरते. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने काही प्रसंगांचा विचार केला आहे.

पहिला प्रसंग दिल्लीच्या परिसरातलाच आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिली शीख पलटण गुडगावात होती. गुडगाव ते दिल्लीचे विमानतळ हा काही तासांचाही रस्ता नव्हे. काश्मीरच्या महाराजांनी २६ ऑक्टोबरला सामीलनाम्यावर सही केली आणि २७ च्या सकाळी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या नेतृत्वाखालील तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. सैनिक, विमाने, धावपट्टी हे सारे हाताशी होते. वाट मोकळी केली ती एका दस्तऐवजाने. हे स्वदेशातील उदाहरण झाले. परदेशात हाच दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती असतो.

दुसरा प्रसंग कोरियाचा. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांसाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय रक्षक दलाचे नेतृत्व कोल्हापूर भागातील मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून सुमारे २२,६०० आणि कम्युनिस्ट बाजूकडून ३५९ कैदी या दलाच्या स्वाधीन झाले. परंतु दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारताची तटस्थता मान्य नव्हती. भारतीय सैनिकाने आपल्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता.

यातून जो मार्ग काढण्यात आला, तो लष्करी इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. मद्रासहून निघालेली जहाजे इंचॉनच्या समुद्रात थांबली. तेथून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी सैनिकांना उचलले आणि मधला सुमारे ५५ किलोमीटरचा प्रदेश वरून ओलांडून निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. तेथे त्यांची 'हिंद नगर' ही छावणी वसली. ज्या देशातील कैद्यांचे भवितव्य या दलाच्या पहाऱ्यात ठरायचे होते, त्या देशाच्या मातीला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नव्हता. तटस्थता या शब्दाचा येथे अक्षरशः अर्थ घेतला गेला : दोन्ही बाजूंच्या भूमीपासून अलग ठेवलेली, अधांतरी आणलेली माणसे. शिवाय, तटस्थ सैन्याला जागेवर पोहोचवणारे यंत्र मात्र तटस्थ नव्हते, ही विसंगतीही दृष्टीआड करता येत नाही.

कोरियात येण्याची वाट अडली होती. गाझामध्ये परतण्याची अडली. नोव्हेंबर १९५६ पासून तेथील संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलात भारतीय तुकडी होती. १८ मे १९६७ रोजी इजिप्तने आपली संमती अधिकृतपणे काढून घेतली. दलाचे प्रमुख तेव्हा मेजर जनरल इंदरजित रिखी हे होते. कॅनडाच्या तुकडीवर इजिप्तचा रोष होता. तिला तातडीने देश सोडण्यास सांगण्यात आले आणि २९ ते ३१ मे या तीन दिवसांत ती विमानांनी बाहेर पडली. भारतीयांवर असा रोष नव्हता, म्हणून त्यांना घाईही नव्हती. ते टप्प्याटप्प्याने निघणार होते. ५ जून रोजी युद्धाला तोंड फुटले आणि परतीच्या प्रतीक्षेत असलेले भारतीय सैनिक इस्रायली माऱ्यात सापडून मृत्युमुखी पडले. नकोशा पाहुण्याला विमान मिळाले. सलोख्यातल्या पाहुण्याची वाट मधेच तुटली. संमती संपल्यानंतरचा आणि प्रस्थानापूर्वीचा हा काळ कोणत्याही कराराच्या संरक्षणात बसत नाही, हे या मृत्यूंनी दाखवून दिले.

सैनिकाला निदान परतण्यासाठी देश असतो. कोरियातील ८८ कैद्यांना तोही नव्हता. उत्तर, दक्षिण, चीन वा तैवान यांपैकी काहीही न निवडता त्यांनी तटस्थ देशात जाण्याची इच्छा व्यक्त केली. फेब्रुवारी १९५४ मध्ये 'अ‍ॅस्टुरियस' जहाजाने ते मद्रासकडे निघाले आणि पुढे दिल्लीत आले. लष्कराच्या देखरेखीखाली त्यांची सुमारे दोन वर्षे येथे गेली. पालमचा विमानतळ याच शहरात होता. परंतु कोणता देश त्यांना स्वीकारणार याचे उत्तर येईपर्यंत तेथील कोणतेही विमान त्यांच्या उपयोगाचे नव्हते. १९५६ मध्ये त्यांच्यातील मोठा गट ब्राझीलला गेला, काही जण नंतर अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले.

दिल्लीच्या इतिहासात या दोन वर्षांना फारसे स्थान मिळालेले नाही. कोरियन साहित्यात मात्र या प्रवासाला केंद्रस्थान लाभले. चोई इन-हून यांच्या १९६० मधील 'ग्वांगजांग' (चौक) या कादंबरीचा नायक असाच तटस्थ देश निवडणारा कैदी आहे. कादंबरीतील भारतीय जहाजाचे नाव 'टागोर' आहे. इतिहासातील ब्रिटिश जहाजाच्या जागी लेखकाने कवीचे नाव आणले. नायक मात्र किनाऱ्याला लागत नाही; वाटेतच तो जहाजावरून नाहीसा होतो. वास्तवातले ८८ जण पोहोचले आणि विस्मरणात गेले. कल्पनेतला एक जण पोहोचला नाही आणि एका साहित्यपरंपरेत कायमचा राहिला. पोहोचण्यानंतरची प्रतीक्षा, म्हणजेच दिल्लीतील ती दोन वर्षे, त्या कादंबरीच्या कक्षेबाहेर राहते.

तौलनिक अभ्यासकाला येथे काम आहे. थिमय्या आणि थोरात या दोघांनीही आपले अनुभव इंग्रजीत ग्रंथबद्ध केले आहेत. कोरियन कादंबरी अनुवादांतून उपलब्ध आहे. रक्षकाचे आत्मकथन आणि कैद्याची कादंबरी या एकाच घटनेच्या दोन बाजू असून त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. तसे वाचताना आपल्या बखरकारांची सवय उपयोगी पडेल. मुक्कामाची नोंद घ्यावी, उताराची चौकशी करावी आणि सैन्य पोहोचले असे लिहिण्यापूर्वी त्याला वाट कोणी दिली हे विचारावे.