अजनीच्या तबकडीविषयी

१. नागपुरातल्या अजनीची, ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डची ही तबकडी लाखेची, ठिसूळ, विनाइलची नव्हे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास बंद पडल्या. आपल्याकडे मात्र कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्या पुढेही काही वर्षे निघत राहिल्या, कारण वीज नसलेल्या घरांत चावीचाच ग्रामोफोन चाले. म्हणून रिचर्ड आणि बीटल्सच्या भारतीय ‘अठ्ठ्याहत्तरी’ परदेशी संग्राहक हुडकत असतात. पोलादी सुईने खरवडून न गेलेली प्रत मात्र विरळाच! रिचर्ड, मूळचा हॅरी वेब, जन्मला लखनौत, १९४० साली. कुटुंब १९४८मध्ये इंग्लंडला गेले आणि दहा वर्षांनी त्याचे ‘मूव्ह इट’ हे गाणे आले. आणि तबकडीच्या लाखेचे म्हणाल, तर लाखेसाठी प्रसिद्ध ते छोटा नागपूरचे पठार; आमच्या नागपूरने ते श्रेय उगाच घेऊ नये. — संपा.